चाळीस मिनिटांची भट्टी

हणमंत काशीदने पाच वर्षांनी पुन्हा वस्तरा हातात घेतला, त्या सकाळी त्याची धाकटी बहीण वृषाली मुद्दाम सलूनमध्ये येऊन बसली होती. कराडच्या मंगळवार पेठेतलं ते दोन खुर्च्यांचं दुकान. बायकांनी तिथे बसायची पद्धत नव्हती, पण त्या दिवशी कुणी काही बोललं नाही.

खुर्चीत बाजीराव डुबल होते. आसपासच्या गावांत जत्रेचं कुस्ती मैदान भरलं की माईकवर आवाज त्यांचाच. पैलवान आखाड्यात उतरायच्या आधी त्याचं गाव, त्याचा वस्ताद, त्याचे डाव ते असे सांगायचे की लांबून आलेली माणसंही टाचा उंचावून बघायची.

"हणमंता, हात कापत असला तर आधीच सांग. मी दाढी वाढवतो."

"न्हाई कापत, नाना. हे बघा." हणमंतने उजवा हात त्यांच्या डोळ्यांपुढे धरला. मनगटापासून कोपराच्या खालपर्यंत राखाडी पट्टा होता आणि पट्ट्याच्या पुढची बोटं दगडासारखी स्थिर होती.

दाढी झाली. बाजीरावांनी गाल चोळून पाहिला आणि माईकवर बोलावं तसं जाहीर केलं, "हणमंत काशीद, मुक्काम मंगळवार पेठ, कुस्ती चितपट!" दुकानात हशा झाला. हणमंत हसता हसता तोंड फिरवून टॉवेल झटकत राहिला. त्याच्या पट्ट्यातली चिप वृषालीने स्वतः काढली होती आणि स्वतः बसवली होती. पाच वर्षं कपातला चहा बशीत सांडणारा आपला भाऊ परत माणसांत आला, हे त्या दिवशी तिने डोळ्यांनी पाहिलं.

त्या पट्ट्याचं नाव स्थिरक. कंपवाताच्या माणसाचा हात एका ठरावीक लयीत हलतो, सेकंदाला चार-पाच वेळा. पट्टा ती लय ओळखायचा आणि हात डावीकडे जायच्या क्षणी स्नायूंना उजवीकडे जायचा बारीक विजेचा इशारा द्यायचा. झोका पुढे येत असताना त्याला समोरून हात लावला की तो थांबतो, तसंच. पण प्रत्येकाचा झोका वेगळा. म्हणून पट्ट्यात शिकणारी चिप होती. तिच्या पोटात एका काचेसारख्या पदार्थाचे लाखो कण असायचे. वापरता वापरता त्यातले काही कण स्फटिक व्हायचे, काही काचच राहायचे, आणि या नक्षीतच त्या माणसाच्या हाताची ओळख साठायची. बॅटरी काढली, पट्टा दहा वर्षं कपाटात पडला, तरी नक्षी पुसली जायची नाही.

स्थिरक बनवणारी परदेशी कंपनी पाच-सहा वर्षांत बंद पडली. नवे पट्टे येईनात. जुने मात्र भंगारात येत होते, कारण घालणारी माणसं वारत होती आणि घरचे पट्टा टाकून देत होते. पट्ट्याचे बाकीचे भाग इथे कुठेही तयार होत, चिप मात्र होत नव्हती. ती जुन्या बोर्डावरूनच सोडवून घ्यावी लागे.

हे काम वृषालीचं. भोसरीच्या कारखान्यात ती अठरा वर्षं बिघडलेले बोर्ड दुरुस्त करायच्या विभागात होती. कारखाना बंद झाल्यावर ती कराडला परतली, भावाच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहिली, आणि मागच्या पडवीत टेबल मांडून बसली. तिला आयटीआयला घालायला घरात सगळ्यांचा विरोध होता. हणमंतने एकट्याने तो मोडून काढला होता. "माझ्या हातात वस्तरा हाय, हिच्या हातात काहीतरी असू दे," तो म्हणाला होता.

बोर्डावरचे मोठे भाग सोडवायला अवघड नसतात. सोल्डरिंग गनने कथील वितळवायचं आणि पंपाने ओढून घ्यायचं. बारीक पायांचं कथील तांब्याच्या विणलेल्या पट्टीत शोषून घ्यायचं. पण स्थिरकच्या चिपला अठ्ठेचाळीस पाय होते, केसासारखे, चारी बाजूंनी. सगळे एकाच वेळी सुटायला हवेत. सुरुवातीला वृषाली त्यावर गरम हवेचा झोत सोडायची. त्या उष्णतेने निम्म्या चिपा तडकायच्या. मग तिने दुसरी रीत बसवली. बिस्मथ आणि इंडियमचा एक मिश्रधातू उकळत्या पाण्याच्याही आत वितळतो. तो चारी बाजूंनी पायांवर चढवला की जुनं कथील त्यात मिसळतं आणि सगळं मिळून बराच वेळ पातळ राहतं. चिप चिमट्याने नुसती सरकवली की लोण्यावरून सरकावी तशी बाजूला येते. नव्या पट्ट्यात बसवतानाही तोच धातू. दहातल्या दहा चिपा जिवंत निघायला लागल्या.

यात एकच अडचण होती. गरम हवेच्या झोतात चिपेच्या पोटातली जुनी नक्षी आपोआप पुसली जात असे. थंड रीतीत ती तशीच राहायची, मेलेल्या माणसाच्या हाताची ओळख तशीच. कंपनी नसल्यामुळे संगणकावरून पुसता येत नव्हतं. म्हणून चिप दोन दिवस मंद आचेवर सुकवायची आणि मग छोट्या विजेच्या भट्टीत दोनशे अंशांवर चाळीस मिनिटं ठेवायची. सगळे कण एकसारखे होतात, चिप कोरी होते. या चाळीस मिनिटांत दहातल्या तीन मरायच्या.

त्या तीन चिपा म्हणजे कोण, हे वृषालीला माहीत असायचं. नसरीन मुल्ला ही फिजिओथेरपिस्ट दर गुरुवारी मोफत केंद्र चालवायची, पट्टे तीच बांधायची, आणि वाट बघणाऱ्यांची यादी तिच्याकडे असायची. दर गुरुवारी यादी वाढलेली असायची.

एकदा चुकून एक चिप भट्टीत न जाताच कोऱ्या चिपांच्या डबीत पडली. ती मलकापूरच्या कृष्णाबाई थोरवडे यांच्या पट्ट्यात गेली. चूक लक्षात आल्यावर वृषाली घाबरून केंद्रात गेली, तर नसरीनच आनंदात होती.

"ताई, ही चिप कसली भारी निघाली! एरवी शिकायला दीड महिना लागतो, कृष्णाबाई पाचव्या दिवशी हाताने भाकरी मोडून खातायत."

वृषालीला उलगडा झाला. चिपेला आधीच एक हात माहीत होता. दुसरा हात शिकायला तिला वेळ लागला नव्हता. भट्टी नसली तर एकही चिप मरत नाही, आणि माणूस लवकर बरा होतो.

"पुसूनच देतेयस ना?" नसरीनने सहज विचारलं.

"हो तर," वृषाली म्हणाली.

त्यानंतर तिने अकरा चिपा न पुसता दिल्या. आठवी हणमंतदादाला.

दाढीच्या त्या सकाळनंतर दोन महिन्यांनी, एका सोमवारी, हणमंत बाजीरावांचीच दाढी करत होता. वस्तरा कानापासून खाली आला. ओठाच्या कोपऱ्याशी त्याने मनगट वळवलं, आणि हात एकदम बाहेरच्या बाजूला फेकला गेला. गाल ओठापर्यंत उघडला.

बाजीराव वाचले. टाके पडले, जखम भरली. पण तोंडाच्या कोपऱ्याचा स्नायू आणि ओठाकडे जाणारी नस तुटली होती. डॉक्टर म्हणाले, आता जेवढं आहे तेवढंच. बाजीरावांचे ओठ एका बाजूने मिटत नव्हते. आणि ओठ मिटल्याशिवाय पैलवान म्हणता येत नाही, पट म्हणता येत नाही, मोळी म्हणता येत नाही, डावांची नावंच घेता येत नाहीत. पुढच्या जत्रेला माईकवर दुसराच माणूस होता.

बाजीरावांनी पोलिसांत तक्रार केली नाही. पेठेत मात्र सगळे एकच बोलत होते. हात कापणाऱ्या माणसाने वस्तरा धरावाच कशाला? हणमंतही तेच म्हणत होता.

"पट्टा दे दादा, तपासते," वृषाली म्हणाली.

"तपासायचंय काय? पट्टा चांगला हाय. हातच माझा वंगाळ." तरी त्याने पट्टा काढून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पडवीचं दार लावलं आणि चिप सोडवून तपासणीच्या यंत्राला जोडली. यंत्र चिपेला खोटी थरथर पुरवायचं आणि चिप काय उत्तर देते त्याची रेघ पडद्यावर काढायचं. रेघेला एक शिखर असायला हवं होतं, सेकंदाला पाचचं, दादाच्या हाताचं. दोन होती. दुसरं चारचं. तिने मनगटाचा कोन बदलत नेला. बाकी सगळीकडे दुसरं शिखर बुटकं होतं. मनगट आत वळवल्याच्या एका कोनात ते उसळलं आणि पहिल्याच्या दुप्पट उंच झालं.

कुणीतरी माणूस, तिला नाव माहीत नसलेला, कधीतरी तसं मनगट वळवत असेल आणि त्याचा हात आत ओढला जात असेल. त्याला सावरायला चिप बाहेर ढकलायला शिकली होती. तो माणूस गेला. चिपेने मात्र ते धरून ठेवलं होतं.

वृषालीने गरम हवेची गन चालू केली आणि झोत चिपेवर धरला. चाळीस सेकंद पुरले. पुन्हा जोडून पाहिलं तेव्हा रेघ सपाट होती, नक्षीही गेली होती आणि चिपही मेली होती. आपण चिप दुरुस्त करतोय, असं ती त्या चाळीस सेकंदांत स्वतःला सांगत होती. गन बंद झाल्यावर आपण काय केलं ते तिला स्वच्छ कळलं.

"चिपेत काही दोष नाही," तिने नसरीनला फोनवर सांगितलं.

"पुसलेली होती ना गं?"

"हो."

त्या दिवसापासून तिने प्रत्येक नवी चिप भट्टीत घालायला सुरुवात केली. पण आधीचे अकरा पट्टे लोकांच्या हातावर होतेच. ती माणसं जेवतात, बटणं लावतात, त्यांच्या हातात वस्तरा नाही, असं ती मनाशी म्हणायची. आणि कुणाच्या तरी घरी गॅसवर दूध उतू जात असेल, कुणी कढई उतरवत असेल, हे मनात आलं की ती हातातला घास ताटात परत ठेवायची.

हणमंतने दुकान उघडलंच नाही. रोज सकाळी तो बाजीरावांच्या घरी जायचा. डॉक्टरांनी गालाला तेल लावून चोळायला सांगितलं होतं. ते तो करायचा, पट्ट्याशिवाय, थरथरत्या बोटांनी. बाजीराव डोळे मिटून बसायचे. वृषालीने हे एकदा दारातून पाहिलं आणि आत न जाता परत फिरली.

तीन महिने गेले. हणमंतची मुलगी सानवी बाळंतपणासाठी माहेरी आली होती. बाळ सव्वा महिन्याचं झालं त्या दुपारी वृषाली अंगडं-टोपडं घेऊन गेली. सानवीने बाळ वडिलांपुढे धरलं.

"घ्या ना बाबा. किती दिवस नुसतं लांबून बघणार?"

हणमंतने दोन्ही हात पाठीमागे नेले. "नको. तुझ्याकडंच असू दे."

"अहो, बसून घ्या. मांडीवर देते."

"नको म्हणलं ना!" तो ओरडला. बाळ दचकून रडायला लागलं. सानवी आत गेली. हणमंत भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. "बाजीरावनानांच्या वेळी हात शांतच होता, वृषे. आता हात क्षणभर शांत झाला की जास्त भ्या वाटतं मला."

वृषालीने त्याला सगळं सांगितलं. कृष्णाबाईंच्या चिपेपासून गरम हवेच्या झोतापर्यंत. सांगताना तिचा आवाज तिला परका वाटत होता.

हणमंतने ऐकून घेतलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात थरथरत होता.

"लहानपणी पण असंच करायचीस. मी दूध सांडलं की तू म्हणायचीस, मी सांडलं. राहू दे. माझं मला निस्तरू दे."

"दादा, मी खरं बोलतेय!"

"दाव मग मला. कुठं हाय ती दोन शिखरं?"

तिच्याकडे दाखवायला काही नव्हतं. तिने ते स्वतःच्या हाताने पुसलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती मलकापूरला गेली. कृष्णाबाई अंगणात शेंगा सोलत बसल्या होत्या. पट्टा बांधलेला हात झपझप चालत होता. वृषालीने कारण सांगितलं तेव्हा त्यांना ते नीट कळलं नाही.

"परत देशील का पण?"

"हा नाही, दुसरा देईन. वेळ लागेल."

"किती वेळ?"

वृषालीला खोटं सांगणं सोपं होतं. "माहीत नाही," ती म्हणाली.

कृष्णाबाईंनी पट्टा काढू दिला. काढल्याबरोबर त्यांचा हात मांडीवर आपटायला लागला. त्यांनी तो दुसऱ्या हाताने धरला आणि शेंगांच्या सुपाकडे बघत राहिल्या. सोललेले दाणे थोडे होते, टरफलांसकट शेंगा बऱ्याच होत्या. वृषाली खाली बसली आणि सगळ्या सोलून देऊनच उठली.

त्याच संध्याकाळी तिने हणमंत आणि नसरीन दोघांनाही पडवीत बोलावलं. कृष्णाबाईंच्या पट्ट्यातली चिप यंत्राला जोडली. पडद्यावर दोन शिखरं आली.

नसरीन खुर्चीत मागे टेकली. "मी तुला दोनदा विचारलं होतं, ताई."

"हो."

"दोन्ही वेळा तू हो म्हणालीस. मी लोकांना माझ्या शब्दावर पट्टे बांधले."

नसरीनने यादी काढली आणि एकेक नाव मोठ्याने वाचलं. न पुसलेल्यांवर वृषालीने खूण केली. दहा नावं उरली होती. "उद्यापासून मी आणि तू, दोघी जाऊन गोळा करायचे," नसरीन म्हणाली. "काय झालं ते प्रत्येक घरात तू सांगायचंस. आणि इथून पुढे भट्टी लावशील तेव्हा मी शेजारी बसेन. मी नसेन तर लावायची नाही."

हणमंत या सगळ्यात पडद्यासमोरून हलला नव्हता. दुसऱ्या शिखरावर त्याने बोट ठेवलं. बोट थरथरत होतं, शिखर स्थिर होतं.

"म्हणजे मी वस्तरा नीट धरला होता."

"हो, दादा."

"तीन महिने," तो म्हणाला. तिच्याकडे न बघता चप्पल घालून निघून गेला.

दहा पट्टे गोळा व्हायला नऊ दिवस लागले. एका घरात त्यांना आत घेतलं नाही. एका रिक्षावाल्याने पट्टा द्यायला साफ नकार दिला, मग चौथ्या दिवशी स्वतःच आणून दिला. एका आजोबांच्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग होता. चहा ओतताना हात उडाला, असं ते सहज म्हणाले. आपल्या म्हातारपणामुळे झालं असेल असं समजून त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. वृषालीने तो डाग पाहिला. नसरीनने ती नोंद लिहून घेतली.

बारातली एक चिप, हणमंतची, तिने आधीच मारली होती. उरलेल्या अकरा भट्टीत गेल्या. नसरीन स्टूल घेऊन बसली, घड्याळ बघत. सात जगल्या. चार माणसं पुन्हा यादीच्या शेवटाला गेली. हणमंतने स्वतःचं नाव सगळ्यांच्या मागे घालायला सांगितलं. तेही त्याने नसरीनला सांगितलं, बहिणीला नाही.

पुढच्या सोमवारी सकाळी मात्र तो तिच्या दारात उभा होता. "चल," एवढंच म्हणाला. कुठे ते तिला विचारावं लागलं नाही.

बाजीराव ओसरीवर खाटेवर बसले होते. हणमंतने नेहमीप्रमाणे तेलाची वाटी घेतली आणि त्यांच्या शेजारी बसला. वृषाली उभीच राहिली.

"नाना, हिला काही सांगायचंय," हणमंत म्हणाला.

तिने सांगितलं. या वेळी तिने काही गाळलं नाही, गरम हवेचा झोत सुद्धा. आपण पुरावा जाळला, हे म्हणताना तिची मान खाली गेली, पण ती थांबली नाही. सगळं संपल्यावर ती म्हणाली, "नाना, वस्तऱ्याचा दोष नव्हता, दादाचाही नव्हता. माझा होता. चाळीस मिनिटं मी वाचवली."

बाजीरावांनी हणमंतचा थरथरता हात स्वतःच्या गालावरून काढून दोन्ही हातांत घेतला आणि तसाच धरून ठेवला. हणमंतचे खांदे हलायला लागले.

मग त्यांनी वृषालीकडे पाहिलं आणि एक शब्द उच्चारला.

तो शब्द लहान होता. ओठ मिटायला गेले, एका बाजूने मिटले, दुसऱ्या बाजूने वारा सुटला. तो 'माफ' असेल. तो 'पाप' असेल. बाजीरावांच्या तोंडून आता दोन्ही सारखेच यायचे. त्यांच्या डोळ्यांतून तिला काही वाचता आलं नाही. पुन्हा म्हणा, असं सांगायला तिला तोंड नव्हतं. ते पुन्हा म्हणाले नाहीत.

परतताना हणमंत दोन पावलं पुढे चालत होता. चौकात आल्यावर तिने त्याला गाठलं.

"दादा, नाना काय म्हणाले?"

हणमंत थांबला. त्याला कळलं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तीन महिने तो त्या ओठांजवळ बसला होता. त्यांचा प्रत्येक शब्द त्याला कळायचा.

"तिथं विचारायचं होतंस," तो म्हणाला, आणि दुकानाच्या दिशेने वळला.